खालचा अर्धा ग्लास

तसं चालत नाही, असं प्रवास कंपनीच्या काउंटरवरची ती मुलगी म्हणाली आणि आमचा विश्वास बसणार नाही असं वाटून तिनं संगणकाचा पडदा आमच्या बाजूला वळवला. पडद्यावर एक भलंमोठं पांढरं जहाज, त्याखाली दोन चौकोन: पहिली व्यक्ती, दुसरी व्यक्ती. पहिल्या चौकोनात बरोबरची खूण होती, दुसरा रिकामा. एका केबिनमधल्या एकानं पेयांचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानंही घ्यायलाच हवं. एकाच्या कार्डावरचा ग्लास दुसऱ्यानं प्यायचा नाही. पिताना दिसला तर दोघांचीही कार्डं बंद. नियम जहाजाचा, त्यात ती काही करू शकत नव्हती. हे सगळं निघालं कशावरून, तर आमचे हे तिला अगदी सहज म्हणाले होते, "माझं एकट्याचं करा. ही माझ्यातलंच घेते." तेव्हा तिनं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे मॅडमना काय आवडतं?" प्रश्न मला नव्हता, यांना होता. तरी उत्तर द्यायला मीच तोंड उघडलं, आणि उघडलं ते उघडंच राहिलं, दातांच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखं. कॉफी म्हणावं तर कॉफी मी पिते, पण यांच्या कपातली. सरबत म्हणावं तर तेही पिते, यांच्या ग्लासातलं. उसाचा रस, संत्र्याचा रस, सोडा, दूध, सगळं पिते, पण सगळ्याच्या आधी यांचा एक घोट. मुलीनं सभ्यपणे वाट पाहिली, मग म्हणाली की घाई नाही, पुढच्या आठवड्याच्या शेवटापर्यंत कळवा; जहाजावर चढल्यावर मात्र हेच पॅकेज महाग पडतं. मी मान हलवली. तोंड मिटलं की नाही ते आता आठवत नाही.

बाहेर रस्ता नेहमीसारखाच होता. किल्ल्या करून देणारा, त्याच्या शेजारी फुलवाली, पुढे बँकेच्या पायऱ्या आणि पायऱ्यांवर बसून फोनवर भांडणारा कुणीतरी. हे खुशीत होते, पुढे पुढे चालत होते. मला मात्र त्या प्रश्नाभोवती माझं तोंड अजून उघडं आहे आणि त्यात वारा शिरतोय असं वाटत होतं. हे शीतपेयांच्या कारखान्यात चव घ्यायचे. गेल्याच महिन्यात निवृत्त झाले. पांढऱ्या फरश्यांची खोली, खिडकीला जाड पडदा, टेबलावर ओळीनं चिमुकले कप आणि प्रत्येक खुर्चीशेजारी स्टीलचं बेसिन. घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, टाळूला लावायचा, नाकातून श्वास सोडायचा आणि थुंकून टाकायचा. गिळायचं नाही. गिळणारा माणूस त्या खोलीत टिकत नसे. दुपारपर्यंत त्याची जीभ आणि पोट दोन्ही राजीनामा देत. हे टिकले, आणि पुढे त्या खोलीचे साहेब झाले, कारण यांना पहिल्याच घोटात सगळं कळायचं: पाणी कुठल्या टाकीतलं, पाक किती वेळ उकळला, बाटली उन्हात राहिली होती का. पुढच्या घोटात काही बातमी नसते, असं हे म्हणत. घरी बेसिन नव्हतं. घरी मी होते.

हे मी कडवटपणानं सांगत नाही. कडवट काय असतं ते मला चांगलं कळतं, तेही मी अर्धं अर्धं प्यायलेलं आहे. मी चकित होऊन सांगते आहे. कारण मी काही मुकी बाई नव्हे. चष्म्याच्या दुकानात आतल्या खोलीत बसून मी डोळे तपासते. अंधार, समोर उजळलेली अक्षरं, माणसाच्या नाकावर जड चौकट, आणि मी तिच्यात एकेक काच घालते, काढते आणि विचारते: आता बरं, की मघाशी? दिवसभर हाच प्रश्न. माणसं या प्रश्नाला जितकी घाबरतात तितकी इंजेक्शनला घाबरत नाहीत. इथं दुखत नाही, पण उत्तर द्यावं लागतं. काही जण माझ्या आवाजावरून माझ्या मनातलं उत्तर ओळखायला बघतात. काही जण दोन्ही छान म्हणतात, सुनेनं दोन भाज्या वाढल्यासारखं. एखाद्याचा संशय आलाच तर माझी एक युक्ती आहे. काच काढायची, पेटीत जरा खुळखुळ करायची आणि तीच काच परत घालायची. आता बरं, की मघाशी? "आता," तो सुटकेचा श्वास टाकून म्हणतो, "आता खूपच बरं." मी हसत नाही, हसायचं नसतंच, पण आत कुठंतरी मला थोडं मोठं झाल्यासारखं वाटतं. त्या दिवशी त्या रस्त्यावरून चालताना मला वाटलं, आपल्या नाकावर कुणीतरी ती चौकट ठेवली आहे आणि समोर अक्षरंच नाहीत.

पहिला अर्धा ग्लास मी कधी प्यायले, ते आठवायला गेले की दोन काचा हाती येतात.

पहिली काच. भाड्याची खोली, एकच खिडकी, लग्न ताजं. मी लिंबाचं सरबत केलंय आणि पाहुण्यांसमोर नेतात तसं ट्रेमध्ये ठेवून आणलंय. हे एक घोट घेतात, डोळे मिटतात, जिभेवर फिरवतात, सवयीनं बेसिनकडे वळतात, तिथं बेसिन नसून मी असते, म्हणून नाइलाजानं गिळतात. ग्लास खाली ठेवतात. साखर विरघळायच्या आधी लिंबू पिळलंस, म्हणतात. मी ग्लास उचलते आणि उभ्याउभ्या उरलेलं सगळं संपवते, यांच्याकडे बघत, हे माणसानं पिण्यासारखं आहे हे दाखवून द्यायला.

दुसरी काच. तीच खोली, तेच सरबत. हे एक घोट घेतात, छान झालंय म्हणतात आणि ग्लास माझ्याकडे सरकवतात, कारण घरात ग्लास एकच निघालाय, बाकीचे अजून कागदात गुंडाळलेले खोक्यात आहेत. मी पिते, आणि तोवर प्यायलेल्या कशाहूनही मला ते गोड लागतं.

आता बरं, की मघाशी? मला खरंच सांगता येत नाही. दोन्हीतून अक्षरं अगदी शेवटच्या ओळीपर्यंत दिसतात. कदाचित काच एकच असेल आणि मी नुसती खुळखुळ केली असेल.

तर पॅकेज. पॅकेजबद्दल आमच्या घरात सगळ्यांना मत होतं, फक्त मला नव्हतं. लेकीनं फोनवरून हिशेब मांडला: दिवसाला अमुक इतकं पोटात गेलं की वसूल, त्याच्या वर जे जाईल ते फुकट. सकाळी रस, मग कॉफी, पोहून आलं की काहीतरी गार, जेवणाबरोबर काहीतरी, सूर्य बुडताना काहीतरी रंगीत. तिनं इतकं नीट आखून दिलं की ही सुट्टी आहे की ड्युटी ते मला कळेना. मोठ्या नणंदबाई मागच्या वर्षी असल्याच जहाजावरून जाऊन आल्या होत्या. त्यांनी पॅकेज घेतलं होतं आणि ते वसूल केलं होतं, ही गोष्ट त्या अजून किल्ला जिंकल्यासारखी सांगतात. डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत हातात ग्लास. भावजी मध्येच दमले, तर नणंदबाईंनी त्यांना म्हणे झोपू दिलं नाही. समुद्र कसा होता, असं मी विचारलं. "दिसला की," नणंदबाई म्हणाल्या, "बाथरूमच्या त्या गोल खिडकीतून रोज दिसायचा." वसूल हा शब्द आमच्या घरात फार जुना आहे. माझ्या माहेरीही होता, तिथं तो ताटात काही टाकायचं नाही या रूपात वावरायचा. माझी आई भांडं निपटायची तेव्हा भांडं घासायची गरज उरत नसे. मी तिची लेक. पुढ्यात आलेलं मी संपवते. कुणाचं आहे, ते मी कधी पाहिलेलंच नाही.

आणि यांना ते पॅकेज हवंच होतं. कशाला, ते मला आधी कळलं नाही. निवृत्त झाल्यापासून हे सकाळी उठून टेबलाशी बसत, साध्या पाण्याचा घोट घेत आणि डोळे मिटून म्हणत, "आज टाकी धुतलेली दिसते." दुसऱ्या दिवशी म्हणत, "आज नाही धुतलेली." एवढंच. निरोपाच्या कार्यक्रमात यांना घड्याळ मिळालं, जिभेला काहीच मिळालं नाही. आणि आता फोनवर जहाजाच्या पेयांची भली लांब यादी आली होती, ती हे चष्मा कपाळावर सारून रोज वाचत, मोठ्यानं, गोष्ट वाचावी तसं. कधी न ऐकलेली फळं, कडू साली, धुरावर धरलेले ग्लास, मिठाची कड, फेस. एका पेयात म्हणे मिरी होती. "मिरी," हे म्हणाले आणि त्या ओळीवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "सगळ्यांचा एकेक घोट. फक्त एकेक." तेव्हा मला कळलं की लेकीचा हिशेब आणि यांचा हिशेब एकमेकांकडे पाठ फिरवून बसले आहेत. जितकं प्यावं तितकं मिळेल म्हणून लोक पॅकेज घेतात. यांना ते टाकता यावं म्हणून हवं होतं. एका घोटासाठी अख्ख्या ग्लासाचे पैसे मोजणारा माणूस हा नव्हे. पण पैसे आधीच देऊन झाले असतील, तर हा माणूस त्या यादीतून राजासारखा चालत जाईल, प्रत्येक दारात क्षणभर थांबून. आणि त्यासाठी दुसऱ्या चौकोनात खूण हवी होती. माझी.

मी नाही म्हटलं असतं, तर यांची जीभ नळाच्या पाण्यात राहिली असती. हो म्हटलं असतं, तर मी समुद्राच्या मधोमध एका टेबलाशी बसले असते आणि माझ्यासमोर आला असता एक भरलेला ग्लास. त्याची मला भीती वाटते, हे मला एका संध्याकाळी दुकानातून आल्यावर कळलं. हे घरात नव्हते. मी ग्लासात संत्र्याचा रस ओतला, काठापर्यंत, आणि त्याच्यासमोर बसले. भरलेला ग्लास फार मोठा दिसतो. त्याला कुठून सुरुवात करायची ते मला समजेना. वरचा अर्धा मी कधी प्यायलेच नव्हते. तो भाग कसा लागतो, तिथं काय असतं, मला माहीत नव्हतं. मी ओठ लावले आणि दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटून परत काढले. हसू आलं, पण ते हसू पूर्णपणे हसू नव्हतं. हे आले, त्यांनी ग्लास पाहिला, न विचारता एक घोट घेतला, संत्री जुनी आहेत म्हणाले आणि कपडे बदलायला आत गेले. मग मी तो प्यायले. सहज, एका दमात. तेव्हा मात्र हसू आलं नाही.

मी यांना सांगितलं. घाबरत नव्हे, तक्रारीनंही नव्हे, आज एक गंमत झाली असं म्हणून सांगितलं. हे गंभीर झाले. कामावर असताना व्हायचे तसे. "सोपं आहे," म्हणाले, "तुझी आवड काढू." डाग काढू म्हणावं तसं. रविवारी सकाळी पिशवी घेऊन गेले ते बाटल्यांनी खांदा वाकवून आले. कारखान्याचा पांढरा कोट आठवण म्हणून घरी आणला होता तो चढवला, पडदे ओढले, टेबल रिकामं केलं, बादली माझ्या पायाशी ठेवली. ग्लासांच्या बुडाला चिठ्ठ्या लावल्या, कुठलं कुठलं ते मला दिसू नये म्हणून. बोलायचं नाही, वास आधी, घोट नंतर, आणि विचारल्याशिवाय मत द्यायचं नाही. मी पहिला घोट घेतला. "थंड आहे," मी म्हटलं. थंड ही चव नव्हे, असं मला सांगण्यात आलं. "टोचतं," मी म्हटलं. दुसराही टोचला. तिसरा गोड होता आणि टोचत होता. संत्रं कुठलं, सफरचंद कुठलं, ते मी सांगत होते, पण आवडलं का विचारलं की माझी नजर यांच्या भुवयांकडे जायची, भुवई कुठं हलते ते बघायला, अगदी माझ्या खुर्चीत बसणाऱ्या माणसांसारखी. "माझ्याकडे बघू नकोस," हे म्हणाले आणि खुर्ची उचलून माझ्या मागे जाऊन बसले. मग मी यांचा श्वास ऐकू लागले. एक एक करून सगळे ग्लास झाले आणि मला काही म्हणजे काही आवडलं नव्हतं. सगळीकडून नुसता थंड, चुणचुणीत गोंगाट. त्यात नणंदबाईंचा फोन आला, आणि त्या कधी थोडक्यात बोलत नाहीत. हे कोटासकट गॅलरीत गेले.

त्यांचं बोलणं सरता सरेना. पडदा पुरता मिटला नव्हता, फटीतून उन्हाची पट्टी टेबलावर आली आणि हळूहळू ग्लासांवरून सरकू लागली. मी बसून पाहत होते. बुडबुडे वर येत होते, मग विचार करून यावेत तसे येत होते, मग थांबले. बर्फ विरघळला, रंग वरच्या बाजूला फिका झाला, ग्लासांवरचं दव टेबलावर उतरलं. शेवटी मी आवरायला उठले आणि उठता उठता, हाताला सवय म्हणून, कडेचा एक ग्लास तोंडाला लावला.

त्यात टोचणं नव्हतं. थंडी नव्हती. गोडी जरा मागे सरकून बसली होती आणि तिच्या जागी सालीचा एक बारीक कडवटपणा आला होता, थोडी ऊब, आणि सगळ्याच्या तळाशी काहीतरी असं की ज्याला घाई नव्हती. पाहुणे गेल्यावर घर जसं लागतं तसं. मी डोळे मिटले. थुंकायचा विचारही मनात आला नाही.

हे आत आले तेव्हा मी म्हटलं, "हे. हे मला आवडतं." यांचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली. पटकन ग्लास उचलून त्यांनी खालची चिठ्ठी पाहिली आणि गोंधळले. "याला तर तू टोचतं म्हणालीस."

"मघाशी टोचत होतं."

त्यांनी घोट घेतला, आणि आयुष्यभर वाईट बातम्या पहिल्या घोटात ओळखलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "अगं, हे उतरलंय." उतरलेलं म्हणजे त्यांच्या खोलीतली शिवी. वायू गेलेलं, गारवा गेलेलं, वेळ लागून चव ढासळलेलं. मग पुढचे दिवस हे हट्टाला पेटले. एकाच बाटलीतलं एक ताजं, एक उघडं ठेवलेलं, माझ्याकडे पाठ करून भरत आणि मला देत. मी दर वेळी उघडं ठेवलेलं उचलत असे. कॉफी केली, एक वाफाळती, एक टेबलावर विसरलेली. मी विसरलेली घेतली. शेवटी यांनी माझीच युक्ती माझ्यावर चालवली, एकच ग्लास दोनदा दिला. "हे तर तेच," मी म्हटलं. हे खाली बसले. म्हणाले, इतकं अचूक आमच्या खोलीत कुणी नव्हतं. मग जरा वेळानं, मोठ्या कष्टानं: "पण आवड चुकीची आहे. अशी एक बाटली निघाली तर आम्ही ट्रक परत पाठवत असू." परत पाठवलेल्या ट्रकभर बाटल्यांची मला जी काही माया वाटली ती सांगता येणार नाही. मी हसत सुटले. हेही हसले, पण डॉक्टर हसतो तसे.

खूप वर्षांपूर्वी दुकानात एक माळी आला होता. रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवल्यावर माझ्या लक्षात आलं की याला लाल आणि हिरवं वेगळं दिसतच नाही, आणि हे त्याला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. मी शक्य तितकं हळुवार सांगितलं. तो विचारात पडला. "मग इतकी वर्षं मला फुलं आवडली ती कशावरून?" त्यानं मलाच विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, "आकारावरून." आणि इतका खूश होऊन गेला की चष्मा न्यायचा विसरला. मला तेव्हा त्याचं आश्चर्य वाटलं होतं. आता त्या आठवड्यात मी दुकानात काचा घालत होते, काढत होते आणि माझ्या डोक्यात एकच काच आत-बाहेर होत होती. ही आवड माझी, की यांनी ठेवलेलं पिऊन पिऊन जिभेला पडलेला पोचा? अर्धा ग्लास माझ्यापर्यंत येईतो नेहमीच थोडा उतरलेला असे. हे बोलत बसत, पेपर वाचत, मग माझ्याकडे सरकवत. म्हणजे माझी आवडसुद्धा यांचं उरलेलंच? या विचारानं मी एका माणसाला चुकून डाव्या डोळ्याची काच उजव्या डोळ्यापुढे घातली. तो म्हणाला, आता बरं. मग आरशात मला माझं नाक दिसलं. नाक माझ्या बाबांचं आहे, आहे तसं, मधल्या उंचवट्यासकट. चालणं आत्याचं आहे, शिंक आईची. बोलते ती भाषा तर किती जणांच्या तोंडून खालपर्यंत येऊन माझ्या वाट्याला आली, देव जाणे. सगळं कुणाचं ना कुणाचं उरलेलं. पण सर्दी झाली की नाक मलाच पुसावं लागतं ना. तेवढं पुरे आहे. तेवढ्यानं ते माझं होतं. मी त्या माणसाची काच बदलली आणि त्याला म्हटलं, घाई करू नका, मघाशी बरं असेल तर मघाशी म्हणा.

आठवड्याच्या शेवटी, सकाळी, हे कॉफीचा एक घोट घेऊन कप माझ्याकडे सरकवत होते तेव्हा मी तो घेतला नाही. मोठं काही केलं नाही, हात मांडीवर ठेवले. कप आमच्या मधोमध उभा राहिला. यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पॅकेज घेऊ या," मी म्हटलं. "दोघांचंही. पण यापुढे तुमचं उरलेलं मी पिणार नाही. तिथंही नाही, इथंही नाही."

"मग ते वाया जाईल."

"जाऊ दे."

यांनी कपाचा कान माझ्या बाजूला वळवून पाहिला. मग हळूच विचारलं, "रागावलीस का?" घराबाहेर पडताना गॅस बंद केला का ते बघतात तसं मी आत जाऊन खरोखर बघून आले. "नाही हो," मी म्हटलं. "मला माझा ग्लास उतरवायचाय. वेळ लागतो त्याला." यावर यांच्यातला हिशेबी माणूस जागा झाला: एकेक ग्लास उतरत ठेवणार, म्हणजे दिवसभरात माझ्या पोटात जाणार किती, माझं पॅकेज तर साफ बुडीत. लेक काय म्हणेल. मी म्हटलं तिला सांगायचं नाही, आणि नणंदबाईंना तर मुळीच नाही. आमच्या दोन्ही घराण्यांत वसूल न करण्यासाठी म्हणून काही विकत घेणारी मी पहिलीच बाई असेन, आणि हे मनात येताच मला लग्नाआधी एकदा शाळा चुकवून तळ्यावर गेले होते तसं वाटलं. हे बराच वेळ कप बोटांनी गोल फिरवत बसले. मग त्यांनी तो उचलला आणि दुसरा घोट घेतला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, दुसरा.

"आहे का काही बातमी?" मी विचारलं.

"नाही," हे म्हणाले. "पण कॉफी आहे."

काउंटरवरच्या मुलीनं दुसऱ्या चौकोनात खूण केली. नोंदीसाठी तिनं पुन्हा विचारलं, या वेळी मला, की मॅडमना काय आवडतं. मी सांगितलं. थोडं लांबलं ते, मी उन्हाचंही सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पडद्यावर खालीवर शोधलं आणि म्हणाली की जहाजाच्या यादीत असा पर्याय नाही, 'इतर' करू का. करा, मी म्हटलं.

आणि मग समुद्र. किती होता ते मला सांगता येणार नाही. तो संपवायचा नव्हता हे त्यातल्या त्यात बरं. आम्ही वरच्या डेकवर बसलो होतो, दुपार कलत होती, आणि यांच्यासमोर एकामागून एक ग्लास येत होते, हिरवे, तांबडे, कडेला मीठ लावलेले, एकातून तर धूर निघत होता. हे घोट घेत, डोळे मिटत, नाकातून श्वास सोडत आणि ग्लास बाजूला ठेवत. वेटर येऊन तो उचलून नेई, अर्ध्याहून जास्त भरलेला. सुरुवातीला प्रत्येक वेळी माझा हात टेबलावरून जरासा उठत होता आणि परत बसत होता. मग उठेनासा झाला. मिरीवाल्या ग्लासाला हे इतका वेळ डोळे मिटून राहिले की मी त्यांच्याकडे न बघता समुद्राकडे पाहू लागले, असल्या वेळी माणसाकडे बघू नये. माझा ग्लास माझ्या कोपराशी उन्हात होता, केव्हाचा. बर्फ गेला होता, बुडबुडे विचार करून वर येण्याच्या टप्प्यावर होते. वेटर भला माणूस. त्याला वाटलं, या बाईंच्या पेयाची माती झाली आणि बिचाऱ्या संकोचानं बोलत नाहीत. तो वाकला, क्षमा मागितल्यासारखं हसला, नवा ताजा आणतो अशी खूण केली आणि माझा ग्लास उचलायला हात पुढे केला. माझं लक्षच नव्हतं. लक्ष गेलं ते यांच्यामुळे. तोंडात घोट असताना हे कधी बोलत नाहीत, घराला आग लागली तरी बोलणार नाहीत. यांनी तो मिरीचा घोट घाईघाईनं गिळला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि आपला तळहात माझ्या ग्लासावर पालथा ठेवून हे त्या वेटरला आपल्या भाषेत, पांढऱ्या खोलीतल्या साहेबाच्या आवाजात म्हणाले, "तो राहू द्या. तो अजून उतरतोय."

वेटरला एक शब्द कळला नाही. पण तो आदबीनं मागे सरला.

मी यांचा हात बाजूला करून ग्लासाला बोट लावून पाहिलं. अजून थोडा गार होता. मी थांबले.